दहा आठवडे हलणारा दात

वरदा गिरीश कारखानीस, माहेरच्या चौबळ. जन्म ठाणे येथे, १४ ऑगस्ट १९६२ रोजी; मृत्यू इंग्लंडमधील रीडिंग येथे, २ फेब्रुवारी २०२५ रोजी. संख्याशास्त्राच्या पदवीधर. पती डॉ. गिरीश यांना येथील रुग्णालयात नोकरी मिळाल्यामुळे १९९० साली इंग्लंडला आल्या आणि पुढे एका कौन्सिलच्या, म्हणजे येथील स्थानिक प्रशासनाच्या, बालसेवा विभागात नोंदी तपासण्याचे काम त्यांनी एकवीस वर्षे केले. त्या कौन्सिलचे नाव मी लिहीत नाही. ज्या मुलीविषयी लिहायचे आहे, तिचेही लिहीत नाही. मुलांची नावे कार्यालयाबाहेर न्यायची नाहीत, हा नियम वरदाताईंनी स्वतःच्या घरातही पाळला.

२०२१च्या अखेरीस सरकारी तपासणी पथकाने या विभागाला ‘अपुरा’ असा शेरा दिला. ज्या मुलांना स्वतःच्या घरातच धोका असतो, त्यांना समाजसेवकाने दर पंधरवड्याला प्रत्यक्ष भेटावे असा दंडक होता. परंतु भेटीच्या फॉर्मवरील ‘मूल कसे दिसले, काय म्हणाले’ हा रकाना शेकडो ठिकाणी कोरा आढळला. सुधारणेचा आराखडा तयार झाला, तेव्हा वरदाताईंनी एक उपाय सुचवला: हा रकाना कोरा असेल तर फॉर्म सेव्हच होऊ नये. सूचना तत्काळ मंजूर झाली आणि रकाने भरू लागले. भिंतीवरच्या पडद्यावर वेळेत झालेली भेट हिरवी दिसे, चुकलेली लाल. नाताळात अर्धा पडदा लाल होता. जूनच्या मध्यापर्यंत दोनशे बारा मुलांच्या दोनशे बारा ओळी हिरव्या झाल्या होत्या. सोमवारी पथक पुन्हा येणार होते. संचालकांनी केकची ऑर्डरही देऊन ठेवली होती.

वरदाताईंची एक सवय होती. दर गुरुवारी त्या कोणत्याही दहा मुलांच्या फाइली उघडत आणि सगळ्या नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. सोळा जून २०२२च्या गुरुवारी सातवी फाइल सहा वर्षांच्या एका मुलीची निघाली. तीस मार्चच्या नोंदीत लिहिले होते: ‘पिवळे गमबूट घातले होते. पुढचा एक दात हलतो आहे, तो जिभेने हलवून दाखवला.’ तेरा एप्रिलच्या नोंदीतही दात हलत होता. सत्तावीस एप्रिललाही. मे महिन्यातल्या दोन्ही नोंदींत आणि आठ जूनच्या नोंदीतही तो तसाच हलत होता, आणि पायात तेच गमबूट होते.

त्या उठून तनिषाकडे गेल्या. तनिषा त्यांची वरिष्ठ. इंग्लंडमध्येच जन्मलेली, रीडिंगच्या शेजाऱ्यांची मुलगी. लहानपणी ती शाळा सुटल्यावर कारखानिसांच्या स्वयंपाकघरात बसत असे.

“तनू, हा दात बघ.”

तनिषाने वाचले. “मावशी, किड्सचे दात हलतात. माझा तर वर्षभर हलत होता!”

“चार दिवस. पाचव्या दिवशी मी दोरा बांधून काढला. तू माझ्या बोटाला चावली होतीस.”

तनिषा हसली नाही. “कोणीतरी कॉपी केलंय. लेझी लोक. मी बोलते त्यांच्याशी, पण मंडे होऊ दे ना. माझा टीम सहा महिने मेलाय यासाठी.”

“सोमवारी त्यांना हिरवी ओळ दिसेल. मुलगी कोणाला दिसली आहे?”

“आणि कॉपी का केलं त्यांनी? फॉर्म सेव्ह होत नाही म्हणून! तो तुमचाच आयडिया होता, मावशी.”

वरदाताई म्हणाल्या, “हो. माझीच. म्हणून तर आज फोन कर. तू केला नाहीस तर मी करते.”

त्यांनी तिथेच, तनिषाच्या देखत, ती ओळ लाल केली.

पहिला फोन शाळेत गेला. मुलीचे नाव एप्रिलमधल्या ईस्टरच्या सुट्टीआधीच काढले होते. आई घरी शिकवणार होती. “आम्ही तुम्हाला पत्र पाठवलं होतं,” शाळेच्या बाई म्हणाल्या. दुसरा फोन त्या भागातल्या समाजसेवकाला गेला. तो मे महिन्यात तात्पुरता आलेला होता. दार कोणी उघडत नव्हते, असे त्याने सांगितले. ‘भेट झाली नाही’ असे लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती. म्हणून आधीच्या माणसाप्रमाणे त्यानेही मागची नोंद पुढे आणली. नंतर दुरुस्त करायची होती.

दुपारी तनिषा पोलिसांना घेऊन त्या घरी गेली. दार ढकलले तरी पुरते उघडेना. आत पायपुसण्यावर दाराच्या फटीतून टाकलेल्या, न फोडलेल्या पत्रांचा ढीग साचला होता. बहुतेक पाकिटांवर कौन्सिलचा शिक्का होता. घरात कोणी नव्हते. गमबूट जिन्याखाली होते.

सोमवारी पथकाला पडद्यावर एक लाल ओळ दिसली. केक तसाच खोक्यात राहिला.

मुलगी अकराव्या दिवशी उत्तरेकडच्या एका गावी, आईच्या मित्राच्या घरात सापडली. जिवंत होती, बोलत नव्हती. तिचे पुढचे तीन दात नव्हते. डॉक्टरांच्या अहवालानुसार आपोआप पडलेला त्यांतला एकच होता. वरदाताईंनी तो अहवाल दोनदा वाचला आणि त्या दिवशी प्रथमच वेळेआधी घरी गेल्या.

मुलगी आज तिचा सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या एका कुटुंबात आहे आणि शाळेत जाते. आईवर आणि त्या मित्रावर खटला होऊन दोघांना शिक्षा झाली. फॉर्मवर ‘मूल भेटले नाही’ असा पर्याय आला. त्या उन्हाळ्यात वरदाताईंनी आणि तनिषाने दोनशे बाराही फाइली मिळून वाचल्या. आणखी नऊ मुलांच्या नोंदी तशाच पुढे आणलेल्या निघाल्या. आठ मुलांना आठवड्याच्या आत प्रत्यक्ष पाहण्यात आले.

नवव्या मुलाचे कुटुंब घर सोडून गेले होते. ज्या गावी गेल्याचे शेजारी सांगतात, तेथील कौन्सिलकडे त्या नावाचे कोणी नाही. वरदाताई निवृत्त झाल्या त्या दिवशी ती ओळ लाल होती. शेवटच्या आजारात तनिषा भेटायला गेली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “नववं?” तिने नकारार्थी मान हलवली. तनिषा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या मुलाची चौकशी करणारे पत्र तेथील कौन्सिलला पाठवते. कालही पाठवले. ओळ लालच आहे.