काशाची वाटी आणि नायक किसन

एकाहत्तरच्या पावसाळ्यात आमची ब्रिगेड पश्चिम सीमेवर होती. मी सिग्नलचा हवालदार. हेडफोन लावायचे आणि मोर्सची टकटक ऐकून अक्षरं कागदावर उतरवायची, हे माझं काम. ते इतकी वर्षं केलं होतं की पंख्याचं पातं जाळीला घासलं तरी माझा हात पेन्सिल शोधायचा. बायको म्हणायची, "तुमी झोपेतबी बोटं वाजवता."

शेजारच्या इन्फंट्री कंपनीत नायक किसन होता. तो आखाडा बाळापूरचा, मी हट्ट्याचा. तेव्हा आमचा सगळा भाग परभणी जिल्ह्यात मोडायचा. घरापासून इतक्या लांब बाळापूरच्या बाजाराबद्दल बोलणारा माणूस भेटला की भाऊच भेटल्यासारखं वाटतं. किसन लांबूनच "जयभीम, गणपतदादा" म्हणायचा आणि जवळ आला की माझ्या ढेरीची चेष्टा करायचा. असा सरळ माणूस मी पलटणीत दुसरा पाहिला नाही.

सुरुंगाच्या एका स्फोटात त्याच्या डोक्याला मार बसला आणि त्याची झोपच उडाली. त्याला सुट्टीवर घरी पाठवलं. परत आला तो टवटवीत होऊन.

"नरसीच्या रस्त्याला एक वैद्य येऊन राहिला, दादा. काशाच्या वाटीनं तळपाय घासतो. बराबर डोळा लागतो."

मला त्यात काही नवल वाटलं नाही. झोप येत नसली की तेल लावून काशाची वाटी तळपायांना घासणं आमच्याकडे घरोघरी चालतं. किसन पुढच्या सुट्टीतही त्याच वैद्याकडे जाऊन आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या दोन नव्या चौक्यांवर पलीकडून नेमका गोळीबार झाला. या चौक्या मोजक्या लोकांनाच ठाऊक होत्या. त्यांच्यापैकी सुट्टीवर गेलेला एकटा किसन. त्याच्या बाहीवरच्या फिती उतरवल्या आणि त्याला क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पलटणीच्या कोठडीत, बंद केलं. पुढे कोर्ट मार्शल दिसत होतं. गद्दार म्हणून नाव लागलं असतं, आणि बाळापुरात त्याच्या आईला कोणी पाण्यालाही विचारलं नसतं.

मी त्याला भेटायला गेलो.

"माझ्या तोंडून एक शब्द गेला न्हाई, दादा."

"तो वैद्य काय इचारतो?"

"काय की. मी तर झोपलेला असतो."

झोपलेला माणूस काय बोलतो ते त्याचं त्याला कुठं ठाऊक असतं? मी तसाच ब्रिगेडच्या इंटेलिजन्स कॅप्टनसाहेबांकडे गेलो. साहेब सरदारजी होते, कमी बोलायचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक मौका. किसन साथ चलेगा. मेरी जिम्मेदारी."

नांदेडचा गुरुद्वारा जवळ असल्याने आमच्या रस्त्यांवर सरदारजी ट्रक ड्रायव्हरकडे कोणी वळून बघत नाही. गावाकडे पोचल्यावर साहेबांनी लुंगी गुंडाळली, ट्रक घेतला आणि वैद्याच्या घरालगतच्या हॉटेलसमोर उभा केला. किसनला घेऊन ते घरामागच्या कुडाला टेकून बसले. ठरलं होतं असं, की मी मोठ्याने "जय हिंद साब" म्हणालो की त्यांनी आत यायचं.

भर दुपारी मी आत गेलो. वैद्य गोरा, गोड बोलणारा. त्याच्या बोलण्यात उर्दू पुष्कळ होती, पण निजामाच्या राज्यात वाढलेल्या आम्हा लोकांना ती काय खटकणार? मी फौजी आहे, झोप येत नाही, म्हणून सांगितलं. त्याने मला आडवं केलं, तळपाय घासले. मग वाटी कानाजवळ धरून लाकडी काडीने हळूहळू वाजवायला लागला. पाच ठोके आणि थोडा दम. पुन्हा पाच ठोके.

"डोळे जड होऊन राहिले. सगळी तकलीफ गेली," तो गुणगुणत होता.

दुसरा कोणी असता तर घोरायला लागला असता. मोर्समध्ये मात्र पाच छोटे ठोके म्हणजे पाचाचा आकडा. माझ्या डोक्यात पेन्सिल सुरू झाली. पाच, पाच, पाच. इतका रटाळ मेसेज मी उभ्या नोकरीत घेतला नव्हता, पण त्याने मला टक्क जागं ठेवलं. मी डोळे मिटून मान टाकली.

वैद्याचा आवाज एकदम बदलला. "सावधान! मैं तुम्हारा कंपनी कमांडर. रिपोर्ट दो. नई पोस्ट कहाँ है?"

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. किसनने शत्रूला काहीच सांगितलं नव्हतं. त्याने झोपेत आपल्या साहेबाला रिपोर्ट दिला होता. मला इतका संताप आला की दात आवळूनच पडून राहावं लागलं. मी एक खोटी जागा सांगितली आणि ओरडलो, "जय हिंद साब!"

साहेब वळसा घालून पुढच्या दाराने आत आले, तसा वैद्य मागच्या दाराकडे पळाला. तिथे किसन उभा होता. त्याने वैद्याचं मनगट धरलं. वैद्य धडपडला नाही. त्याने वाटी दारावर आपटली, पाच ठोके, आणि हुकूम सोडला, "किसन, विश्राम!"

किसनचे डोळे विझले. पकड सैल पडली. साहेब गरजले, "नायक, पकडो!" किसन हलला नाही. फौजी हुकमाची किल्लीच त्या माणसाच्या हातात होती. मी हवालदारकी बाजूला ठेवली आणि गावच्या बोलीत बोंब ठोकली, "किसन्या! काहून सोडून राहिला बे? हाण की त्याला!"

किसन दचकला. माझ्याकडे बघितलं, त्या माणसाकडे बघितलं, आणि एकाच गुद्द्यात त्याला अंगणात लोळवलं. कणगीतल्या ज्वारीखाली वायरलेस सेट सापडला.

ब्रिगेडमध्ये सगळ्या कंपनीसमोर कमांडिंग ऑफिसरनी किसनच्या फिती स्वतःच्या हाताने परत लावल्या. जवानांनी मैदान डोक्यावर घेतलं. मी तर नाचलो, ढेरीसकट. माझ्या सगळ्या नोकरीत तेवढा आनंदाचा दिवस दुसरा नाही.

डिसेंबरात लढाई पेटली. किसनच्या सेक्शनला एका मशीनगनने जमिनीला खिळवून ठेवलं. मी सेटवर होतो. हुकूम माझ्याच हातून गेला, "जागेवर थांबा. ओव्हर." पलीकडून किसनचा आवाज आला, "दादा, थांबलो तर पोरं मरतात. आउट." थोड्या वेळाने मशीनगन थांबली. सेक्शनची सगळी पोरं परत आली. किसन आला नाही.

लढाईनंतर मी बाळापूरला त्याच्या आईकडे गेलो. वैद्याची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती. तिने एवढंच विचारलं, "कोणाच्या सांगण्यानं गेलं रे माझं लेकरू?"

"कोणाच्याच न्हाई, माय. हुकूम थांबायचा होता. तो आपल्या मनानं गेला."

तिने डोळे पुसले आणि शेजारच्या बायांना हाक मारली. "इकडं या गं," ती म्हणाली, "ह्यो काय सांगून राहिला ते ऐका."