जेवायच्या आत परत

"म्हणजे जेवायच्या आत परत ना?"

काका हे विचारायचे तेव्हा समोरच्याकडे बघायचे नाहीत. डाव्या हाताची बाही वर करून घड्याळाकडे बघायचे. जणू प्रश्न घड्याळाला आहे आणि आपण मध्ये उगीच उभे आहोत. तुम्ही त्यांना मगरी दाखवतो म्हणा, धबधबा दाखवतो म्हणा, साक्षात स्वर्ग दाखवतो म्हणा, प्रश्न हाच.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ब्रिस्टलच्या आमच्या मराठी मंडळात तर ती पैशाला पासरी. पण काका म्हणजे त्या सगळ्यांचा अर्क. विमानाच्या पंखांवर किती ताण येतो याची गणितं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि निवृत्त झाल्यावर ती सगळी विद्या त्यांनी बुफेकडे वळवली. आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. आता कार्डिफला मुलीकडे असतात. त्यांच्या घरात एक तरुण इंग्रज जोडपं आलंय. ते सुट्टी आली की गाडीला तंबू बांधून निघतं आणि वाटेल तेव्हा परत येतं. काकांनी त्यांना घर विकलं ते कसं, कुणास ठाऊक.

मंडळातल्या काही कुटुंबांनी ईस्टरच्या सुट्टीत जमैकाला खाण्यापिण्याचे पैसे आधीच भरायच्या ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टमध्ये जायचं ठरवलं, तेव्हा मी नाक मुरडलं. ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे कुंपण घातलेला समुद्र. गुरांच्या कानाला बिल्ला मारतात तशी मनगटाला प्लास्टिकची पट्टी अडकवतात आणि मग दिवसभर चरायला मोकळं सोडतात. माणसं पालथी पडतात, उताणी होतात, मध्येच उठून खातात. कुंपणापलीकडे अख्खा देश आहे, तिथे माणसं राहतात, याची दखल घ्यायचं कारणच नाही. मी स्वतःला प्रवासी समजतो, बाकीचे सगळे पर्यटक. हा फरक मी कुणाच्याही घरच्या पार्टीत समजावून सांगतो आणि माझ्याभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या होतात. तरीही मी गेलो, कारण डील चांगलं होतं.

गेलोच आहोत तर निदान बाहेरच्या सहली तरी नीट व्हाव्यात म्हणून त्या आखायचं काम मी मागून घेतलं. काकांनी माझ्यावर देखरेख करायचं काम न मागता घेतलं.

त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. नाश्ता कधी संपतो, दुपारचं जेवण कधी बंद होतं, मधला वेळ किती, भागिले दोन. त्यातून चढणं-उतरणं वजा, फोटो वजा, काकूंचं बाथरूम वजा. उरलेल्या वेळात खड्ड्यांच्या रस्त्यावरून व्हॅन जिथवर पोचेल तेवढी त्रिज्या. लॉबीतल्या फुकटच्या नकाशावर त्यांनी खरोखरच कंपासने वर्तुळ काढलं. कंपास ते ब्रिस्टलहून घेऊन आले होते. त्या वर्तुळात रमची एक जुनी भट्टी, एक नदी आणि एक पेट्रोल पंप बसला. नावाजलेला धबधबा रेषेच्या जरासा बाहेर पडला.

"पाणीच पडतं ना रे वरून?" काका म्हणाले. "ते वेल्समध्येही पडतं."

एक दिवस बाहेरच कुठेतरी जेवू, असं मी सुचवलं. लग्नाच्या पंगतीतून उठून वडापाव खायला जाऊ म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका जेवणाचे पैसे दोनदा भरणाऱ्या माणसाला घर चालवायला कोण देतं, असं त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. तिने तो प्रश्न गंभीरपणे घेतला.

नदीवरची सहल ही माझी कलाकृती. बांबूच्या लांब तराफ्यावर बसायचं आणि नावाडी काठीने ढकलत नेतो. अतिशय रम्य. फक्त तराफा प्रवाहाबरोबर खाली जातो, वर येत नाही, हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. व्हॅनला मी जिथून निघालो तिथेच थांबायला सांगितलं होतं. मग आम्ही ओल्या बुटांनी, रणरणत्या उन्हात, नदीच्या काठाकाठाने उलटे चालत गेलो. काका सगळ्यांच्या पुढे, जवळजवळ पळतच. रिसॉर्टमध्ये पोचलो तेव्हा वाढपी झाकणं लावत होते. काकांनी ओल्या पँटने रांगेत घुसून तीन प्रकारचे भात घेतले आणि माझ्यासमोर बसून शांतपणे संपवले.

या सगळ्यात काकू कुठे होत्या, असं तुम्ही विचाराल. काकू मागच्या सीटवर होत्या. त्या नेहमीच मागच्या सीटवर असायच्या.

त्यांना धबधबा नको होता आणि मगरीही नको होत्या. त्यांना आयव्हीला भेटायचं होतं. काकू लग्न होऊन ब्रिस्टलला आल्या तेव्हा इंग्रजीच्या नावाने बोंब होती. शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढायचं, डिनर लेडीचं काम लागलं, तिथे आयव्ही भेटली. जमैकाची, आडव्या अंगाची, मोठ्याने हसणारी. तिने काकूंना इंग्रजी शिकवलं, त्यामुळे काकूंचं इंग्रजी अजूनही जमैकन आहे. एका हिवाळ्यात काकांची नोकरी गेली. काकू शाळेनंतर ऑफिसं झाडायलाही जायला लागल्या. तेव्हा त्यांच्या मुलीला शाळेतून आणणं, खाऊ घालणं, तिच्या वेण्या घालणं हे सगळं आयव्हीने केलं. काका त्या काळात खिडकीशी बसून असायचे, असं काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं. एवढंच सांगितलं. पुढे आयव्ही निवृत्त होऊन डोंगरातल्या आपल्या गावी परत गेली. दोघींचे गुडघे गेले. विमानात बसायची ही शेवटचीच खेप, हे काकूंना ठाऊक होतं.

"अगं, एवढ्यासाठीच तर आले मी," त्या बायकोला म्हणाल्या. "मला कुठे समुद्रात डुंबायचंय?"

आयव्हीचं गाव अर्थातच वर्तुळाच्या बाहेर. काकांनी पुन्हा गणित मांडलं. नाश्ता उघडताच उरकला आणि भेट अर्ध्या तासात संपवली तर जमत होतं. फोनवर बोलणं होतंच की नेहमी, नवीन असं काय बोलायचंय, असं त्यांचं म्हणणं. काकू बरं म्हणाल्या. शंकरपाळ्यांचा डबा त्यांनी ब्रिस्टलपासून हँडबॅगेत सांभाळून आणला होता.

दिवस ठरवायचं काम माझं. आयव्ही व्हॉट्सॲपवर पत्र लिहावं तसं लिहायची. आधी गुलाबाची फुलं, मग बायबलमधलं वचन, मग आशीर्वाद आणि मुद्दा असलाच तर तळाशी. मी तिला शनिवारी येतो म्हणून कळवलं. उत्तर आलं, लांबलचक, वर गुलाब. मी खाली अंगठा टाकला आणि पोहायला गेलो.

शनिवारी आम्ही चौघं व्हॅनमधून वर पोचलो, तर घराला कुलूप. निळा व्हरांडा, कुंडीत तिखट मिरच्या, पायरीवर कोंबडी. शेजारी एक म्हातारे गृहस्थ शेंगा सोलत बसले होते. त्यांनी सांगितलं की आयव्ही चर्चला गेलीय. तिच्या पंथाची मंडळी रविवारऐवजी शनिवार पाळतात. दिवसभर प्रार्थना असते, तिथे फोनही बंद. उन्हं कलली की येईल.

मी तिथेच उभ्याउभ्या तो मेसेज शेवटपर्यंत वाचला. शनिवार देवाचा, रविवारी या, जेवण करून ठेवते, असं तळाशी लिहिलं होतं. आणि त्याखाली माझा अंगठा. रविवारी सकाळी आमचं विमान होतं.

हे मला मोठ्याने सांगावं लागलं. बायकोने डोळे मिटले. ड्रायव्हर टायर बघायला गेला. काकांनी बाही वर केली.

काकू म्हणाल्या, "राहू दे. फोन करीन तिला." डबा शेजारच्यांकडे ठेवावा म्हणून त्या दोन पावलं गेल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. मागच्या सीटवर बसायची सवय झालेल्या माणसाचा असतो तसा चेहरा.

"डबा इकडे दे," काका म्हणाले.

मला वाटलं, आता शंकरपाळेही परत नेणार. त्यांचा काय भरवसा? पण डबा घेऊन ते पायरीपाशी गेले, कोंबडीला हुसकावलं आणि बसले. मग बाजूची जागा रुमालाने पुसली.

"तुम्ही निघा," मला म्हणाले. "आम्ही थांबतो."

"काका, उतरणार कसे? ही व्हॅन परत वर येणार नाही."

"उतरू."

ज्या माणसाने बाथरूमचा वेळ वजा करून त्रिज्या काढली होती, तो म्हणत होता, उतरू. मला तर भीतीच वाटली. मी विचारलं, "आणि जेवण?"

त्यांनी जरा विचार केला. "तू जेव माझ्या वाटचं," ते म्हणाले. "मासे असले तर दोनदा घे."

मासे होते. मी दोनदा घेतले. आज्ञा ती आज्ञा. बायको समोर बसून माझ्या फोनवरचा तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होती.

काकांबद्दलचं माझं मत बदललं, असं मात्र समजू नका. दुसऱ्या दिवशी विमानात त्यांनी जागेवर नसलेल्या प्रवाशाच्या ट्रेवरचं लोणी उचलून खिशात टाकलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

पण त्या शनिवारी संध्याकाळी मी रिसॉर्टच्या फाटकाशी चकरा मारत होतो. दिवे लागायच्या सुमाराला एक जुनाट पिकअप येऊन थांबला. आयव्हीचा भाचा चालवत होता. पुढे त्याच्या शेजारी काकू आणि आयव्ही, मागे उघड्या हौद्यात काका, केस उडालेले. आयव्ही चर्चच्या पांढऱ्या कपड्यांत होती, डोक्यावर मोठी टोपी. काकूंचा हात तिने धरलेला, तो उतरतानाही सोडला नाही.

फाटकावरचा पोरगा अदबीने म्हणाला की मॅडमच्या हातात पट्टी नाही, आत सोडता येणार नाही. पाहुण्यांच्या पासचं ऑफिस बंद झालंय. मी माझं खास प्रवासी इंग्रजी काढून त्याच्याशी वाद घातला. तो "येस सर" म्हणत राहिला आणि फाटक बंदच राहिलं. आयव्हीच मला म्हणाली, जाऊ दे रे, त्या पोराची नोकरी आहे. कुंपण नव्हतं तेव्हा ती याच किनाऱ्यावर पोहायला शिकली होती. हे तिने काकूंना सांगितलं, आम्हाला नाही.

नको तेव्हा तोंड उघडणं हा माझा जुना रोग. मी म्हटलं, "काका, जेवण सुरू झालंय. आज शेवटची रात्र, लॉब्स्टर आहे. तुम्ही दोघं या तरी."

काका माझ्याकडे वळलेही नाहीत. खाली रस्त्याच्या वळणावर कुणीतरी लोखंडी पिंप आडवं टाकून त्यात कोंबडी भाजत होतं. धूर वर येत होता. काकांनी आयव्हीला विचारलं, "तिकडे बसायला बाकं असतात का?"

"असतात," ती म्हणाली. "पण महाग आहे, हं. टुरिस्टांचा भाव लावतात."

"लावू दे," काका म्हणाले.

भाच्याने पिकअप कडेला लावला आणि तो पुढे गेला. मागून ते तिघं उतारावर चालायला लागले. आधी आयव्ही, तिच्या दंडाला धरून काकू, दोघी आपापल्या गुडघ्यांना सांभाळत. दोघींचं बोलणं चालूच होतं. त्या रस्त्याला फुटपाथ नव्हता, गाड्या सुसाट येत होत्या. काका थांबले, दोघींच्या मागून फिरून पलीकडे गेले आणि गाड्यांच्या बाजूने चालू लागले.