मोठ्या बाबांनी प्रार्थनेत घेतलेलं नाव

मोठे बाबा गेल्याची बातमी एका ट्रक ड्रायव्हरनं आणली. नागपुरात मी शिकवते त्या शाळेच्या फाटकाशी ट्रक थांबवून त्यानं शिपायाला माझं नाव विचारलं. लाखनीला हायवेवर मोठ्या बाबांचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. तिथे नेहमी थांबणाऱ्यांपैकी तो एक. ''सकाळी गेले. दुकान उघडून बसले होते,'' एवढंच म्हणाला... मग पाणी मागितलं आणि उभ्यानंच प्यायला. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लाखनीत आम्हा ख्रिस्ती माणसांची आठ घरं आणि एक कौलारू चर्च. तिथली रविवारची प्रार्थना मोठे बाबा चालवायचे. ही प्रार्थना नावं घेऊन होते. कोणाला ताप आहे, कोण परीक्षेला बसलंय, सारं नावानिशी. शेवटी सरपंच, तहसीलदार, पंतप्रधान. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेच्या होस्टेलमध्ये वाढलेली. सुट्टीत आले की मागच्या बाकावर बसून ती नावं ऐकायची.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते ग्रामपंचायतीला उभे राहिले. तळ्याच्या पाळीवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांची वस्ती आहे. तिथल्या बायका प्यायचं पाणी गावाच्या दुसऱ्या टोकाहून आणत. त्यांना वस्तीत हातपंप हवा होता, म्हणून त्याच मोठ्या बाबांना उभं राहा म्हणायला आल्या. समोर होते श्रावणजी, धानाची मोठी शेती असलेले जुने मेंबर. मोठ्या आईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एवढंच विचारलं, ''निवडून आले तं पंक्चर कोन काढंल? मी काय?'' चर्चचे पाळकसाहेब मात्र काळजीत पडले. ते दुकानावर आले तेव्हा मी तिथेच होते.

''भाऊ, आपण मूठभर माणसं. ज्याच्याविरुद्ध उभे राहाल, त्याच्याच बांधावरून उद्या आपल्याला जायचं आहे. राजकारण हे आपलं काम नाही.''

मोठे बाबा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. ''दर रविवारी सरपंचासाठी प्रार्थना करतो न आपण? ते काम घाणच असंल, तं प्रार्थना कायले करून राहिलो?''

''प्रार्थना वेगळी.''

''काहून?''

पाळकसाहेब जायला निघाले. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांचंच पटत होतं. आपण आठ घरं, आपण गप्प असावं, असंच मला वाटे.

मतदानाच्या आधीच्या रविवारी श्रावणजींची बायको भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती. मोठ्या बाबांनी नेहमीसारखी नावं घेतली. प्रार्थनेत ते पुस्तकी मराठी बोलत. ''श्रावणजींना बळ दे. त्यांच्या घरावर तुझा हात राहू दे. त्यांच्या हातून गावाचं भलं कर.''

चर्चच्या पायरीवर आमच्या आठ घरांतली सुमनमावशी म्हणाली, ''चाला, बरं झालं. भाऊ मागे हटले.''

''हटले नाही तं काय? त्याचंच नाव घेतलं न प्रार्थनेत,'' दुसरी म्हणाली.

मी शेजारी उभी होते. ते हटले नाहीत, आजाऱ्याच्या घरासाठी मागत होते, हे मला ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं... मी चपलेचा पट्टा लावत राहिले.

मोठे बाबा सात मतांनी हरले. आमचं घर सोडून बाकी साऱ्या ख्रिस्ती घरांची मतं श्रावणजींना गेली होती. सुमनमावशी स्वतःच सांगायला आली. ''तुमी म्हटलं तसंच केलं, भाऊ.'' मोठे बाबा म्हणाले, ''चहा घेऊन जा.''

ते पुन्हा उभे राहिले नाहीत. पण प्रत्येक ग्रामसभेला दुकान बंद करून जात आणि हातपंपाचं विचारत. ''पुढच्या वर्षी पाहू'' हे उत्तर ऐकून परत येत. रविवारी श्रावणजींचं नाव प्रार्थनेत असेच.

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात मी त्यांना पायरीवरची गोष्ट सांगितली. ते रागावतील असं वाटलं होतं. ''मंग बोलाचं होतं न, पोरी,'' एवढंच म्हणाले, आणि करंजीची बशी माझ्याकडे सरकवली.

गेल्या आठवड्यात रजा काढून ग्रामसभेला गेले. पंचायतीच्या खोलीत मोठे बाबा ज्या भिंतीला टेकून बसत, तिथे त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. मी त्याच्याखाली बसले. दाराशी ढिवरांच्या बायका होत्या. श्रावणजी आता सरपंच आहेत. भाऊंबद्दल ते चांगलं बोलले, दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग सभेचे विषय संपले.

''आणखी कोणाले काही?'' श्रावणजींनी विचारलं.

मी उठले. ''तळ्यावरच्या हातपंपाचं काय झालं?'' माझा आवाज मलाच लहान वाटला.

''तुमी तं नागपुरात राहता न, बाई?'' एक मेंबर हसत म्हणाला.

''माझं नाव इथल्या मतदारयादीत आहे.''

श्रावणजी माझ्याकडे पाहत होते, मग माझ्या मागच्या भिंतीकडे. ते काही बोलेपर्यंत मी खाली बसले नाही.