आतल्या पानावरचं विमान

पोस्टात नोकरी केली की पत्रं वाटून संपतात, किस्से मात्र साठत जातात. लोक म्हणतात, सांगा की एखादा हसायचा! सत्तर सालानंतर दोन-तीन वर्षं मी कोल्हारच्या पोस्टात होतो. तिथे हसलोही पुष्कळ, पण ते आठवलं की आता बरं वाटत नाही.

*

गावात टपालानं एकच वर्तमानपत्र यायचं, तेही गुरुजींच्या नावानं, कागदी पट्टी घालून. आम्ही ती पट्टी हळूच सरकवायचो, पहिलं पान वाचायचो आणि परत चढवायचो. घडी उलगडायची नाही, हा नियम! पोस्टमन शिरपा म्हणायचा, "सायेब, आपन चोरी करत न्हाई, निस्तं बगतो!"

*

एकदा पहिल्या पानावर मोठी बातमी आली. परदेशात एका जेट विमानाचं दार हवेतच उघडलं. माणसं वाचली, पण त्या जातीची सगळी विमानं जमिनीवर उभी करून ठेवली. मी ती मोठ्यानं वाचली.

खिडकीशी नामदेवअण्णा उभे होते. त्यांचा दत्तू विलायतेत शिकायला होता. चार वर्षांनी घरी यायचा होता, तिकीट काढलेलं होतं, आणि तेही त्याच विमानाचं! विमानाचं नाव त्यानं हौसेनं पत्रात लिहिलं होतं, आणि ते पत्र अण्णांना मीच वाचून दाखवलं होतं.

*

टपालाची थैली टाकायला आलेला एसटीचा ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, माज्या गाडीचं दार मी सुतळीनं बांधतो. आजवर कोन पडलं न्हाई!"

सगळे हसले. अण्णांनी विचारलं, "तुज्या गाडीखाली किती कोस मोकळं असतं?"



*

अण्णांची बायको सखूबाई अंथरुणाला खिळलेली. पोराला एकदा बघायचं, एवढ्यावर जीव धरून होती. पण बातमी कळल्यावर तीच म्हणाली, "उशीर झाला तर हू द्या. पर त्या इमानात बसू दिऊ नगा."

अण्णांनी तार केली, ‘विमान नीट झाल्याचं मी कळवेपर्यंत निघू नको.’ मी विचारलं, "आजाराचं लिहू?"

"नगं. मग त्यो कशातबी बसंल!"

त्यानंतर रोज सकाळी अण्णा खिडकीशी. "उडालं का?" मी पहिलं पान बघायचो आणि सांगायचो, "नाही अण्णा."

*

एके दिवशी गुरुजी तिकिटं घ्यायला आलेले. त्यांनी माझं ‘नाही अण्णा’ ऐकलं आणि म्हणाले, "अहो, ती विमानं महिन्यापूर्वीच उडायला लागली! दाराची कडी बदलली म्हणे. आतल्या पानावर चार ओळी होत्या की!"

अण्णांनी तिथल्या तिथे दुसरी तार केली, ‘लगेच ये.’ त्याच दुपारी सखूबाई गेली. तिसरी तारही मीच पाठवली. ती घडी एकदा उलगडली असती तर, हे मला आजही छळतं.

*

दहाव्याला आम्ही सगळे प्रवरेकाठी होतो. दत्तू आदल्या दिवशी पोचला होता. पिंड मांडले, पण कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर नुसता बसून राहिला.

काही इच्छा राहिली असेल, म्हणून भावकीतले एकेक जण पुढे होऊन शब्द देऊ लागले. "दत्तूचं लगीन थाटात करू!" कावळा हलला नाही. "अण्णाला अंतर देनार न्हाई!" तरी नाही. ऊन डोक्यावर आलं.

शेवटी अण्णा उठले. पिंडापुढे उकिडवे बसले आणि रोज माझ्या खिडकीशी बोलायचे, त्याच आवाजात म्हणाले,

"सखू, पोरगं त्याच इमानानं आलंय. दार न्हाई उघडलं."

कावळा खाली आला.