कर्णिकबाई आणि दोन पदू

कर्णिकबाईंपुढे ‘सेम आहे’ म्हणायची सोय नव्हती. माजिवड्याच्या आमच्या ऑफिसात कुणी तसं म्हटलं, की चष्मा कपाळावर चढवून त्या विचारायच्या, “कोणत्या अर्थानं सेम?” गेल्या वर्षी त्या गेल्या. डोंबिवलीच्या या बाईंनीच मला हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली. तिच्यात एकदा केलेल्या यादीत गुपचूप खाडाखोड करता येत नाही. बदल हवा तर नवी यादी करायची. सरकारी याद्याही अशाच हव्यात, असं मी तावातावाने म्हणायचो. “आधी नीट वाचायला शीक, मग भांड,” बाई म्हणायच्या.

खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातल्या होड्या पुलाच्या कामासाठी हलवणार होते. यादीत नाव असेल त्यालाच नव्या धक्क्यावर जागा. गावाची यादी आणि सरकारी कार्यालयाची यादी ताडून पाहायचं काम मी अंगावर घेतलं. दर माणशी एक नोंद: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, घर क्रमांक. याद्या समान आहेत का? प्रोग्रॅम म्हणाला, नाहीत. मी लगेच पत्रक लिहायला घेतलं: ‘यादीवर दरोडा!’

“थांब रे,” बाई म्हणाल्या. “गावानं घरांप्रमाणे लिहिलंय, त्यांनी आडनावांप्रमाणे. यादी ताडताना क्रमही मोजला जातो. रांग बदललीय, माणसं नाही.”

मग मी दोन्ही याद्यांचे संच केले, कारण संचात क्रमाला महत्त्व नसतं. आता उत्तर आलं, समान. बाईंना न विचारताच मी पत्रक घरोघर वाटलं: ‘एकही नाव गळलेलं नाही. निर्धास्त राहा.’ हरकतीची मुदत दोन दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रोग्रॅम वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. “अरे, तीच नोंद पुन्हा आली तर संच ती ठेवत नाही. डोकी मोजलीस का?”

मोजली. गावाच्या यादीत एक जास्त भरलं. पदू काळू भोईर, एकाच घरात दोनदा. आजोबा पदू, त्यांचे वडील काळू. आजोबांनी मुलाला आपल्या वडिलांचं नाव ठेवलं, काळू; त्या काळूनं आपल्या मुलाला स्वतःच्या वडिलांचं, पदू. चारही रकाने सारखे! कार्यालयाने एक ओळ दुबार म्हणून उडवली आणि माझ्या संचाने ती चोरी झाकली.

शेवटच्या दिवशी बाई रजा टाकून माझ्याबरोबर त्या कार्यालयात आल्या, दोन्ही पदूंना घेऊन. कारकून म्हणाला, “मॅडम, एकच माणूस दोनदा लिहिलाय.”

“दोघेही समोर उभे आहेत. मोजा.”

आजोबा पुढे झाले. “माजा नाव काडा, नातवाचा ठेवा.”

“काका, तुम्ही गप्प बसा. होडी दोघांची आहे, नाव दोघांचं राहील.” मग कारकुनाला, “वयाचा रकाना आखा.”

त्याने पट्टी घेऊन तो आखला. दोन पदू, दोन ओळी, खाली शिक्का.

“जिंकलो!” मी बाहेर येऊन ओरडलो.

“तुझं पत्रक अजून खोटंच आहे,” बाई म्हणाल्या आणि पायरीवर बसून त्यांनी खुलासा सांगायला सुरुवात केली: “लिही. आमच्याकडून एक माणूस गळला होता.”

“‘माझ्याकडून’ लिहितो ना, बाई. चूक माझी आहे.”

“तुला शिकवलं कुणी?” असं म्हणून त्यांनी पेन घेतलं आणि आधी स्वतःची सही केली.