साठ टक्के बाबा

ऊस न तोडता त्यातली साखर मोजणारं यंत्र मी बनवलं, तेव्हा मला वाटलं, अवघड काम संपलं. नोकरी सोडून दोन-तीन वर्षं पुण्याजवळच्या मांजरी गावच्या शेतांत उन्हातान्हात काढली होती. ज्यांच्या उसावर मी यंत्र तपासायची ते शेतकरी सुरुवातीला मला हसायचे. मग एक दिवस त्यांतलेच एक म्हणाले, "ताई, तुमचं मशीन बराबर सांगतंय. आता बाजारात कवा आणताय?"

बाजारात आणायला भांडवल हवं होतं. एक खासगी गुंतवणूकदार तयार होता, पण त्याची अट होती, आधी सरकारचे पैसे येऊ देत, मग माझे. सरकारचा एक निधी होता, खास बायकांनी उभ्या केलेल्या नव्या कंपन्यांसाठी. कर्ज नव्हे, भागभांडवल. म्हटलं, हा तर माझ्यासाठीच काढलाय.

निवड समितीसमोर मी यंत्र चालवून दाखवलं, प्रश्नांना धडाधड उत्तरं दिली. शेवटी अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, या कंपनीचे साठ टक्के शेअर ज्यांच्याकडे आहेत, ते गृहस्थ कोण?"

"माझे सासरे."

"यंत्र त्यांनी बनवलं?"

"नाही हो. ते बँकेतून रिटायर झालेत."

"पैसे त्यांनी घातले?"

"नाही."

"मग?"

खरं उत्तर असं होतं की कंपनी नोंदवताना शनिवार पेठेतल्या आमच्या सीएंनी विचारलं, "नावं कशी टाकू?" आणि मी चहाचा कपही खाली न ठेवता सांगितलं, "आधी बाबांचं." आमच्या घरी लग्नपत्रिकेपासून गॅसच्या कनेक्शनपर्यंत सगळं थोरल्यांच्या नावाने. तेव्हा मान म्हणून बाबांना साठ, मग नवऱ्याला वीस आणि उरलेले मला. पेढे वाटावेत तसे मी शेअर वाटले होते. सीएंनीही हूं की चूं केलं नाही. त्यांच्या घरीही तसंच असणार.

"निम्म्याहून जास्त हिस्सा बाईचाच हवा, नियम आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पुढच्या बैठकीपर्यंत बदलून आणा. नाहीतर आम्हाला तुमचा विचार करता येणार नाही."

कोथरूडला घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, बाबांना वाईट वाटेल. दुसरा फंड बघू या ना." माझं डोकंच फिरलं. फंड काय झाडाला लागतात? स्वतःचे वीस टक्के मात्र त्याने तिथल्या तिथे देऊ केले, हे कबूल करायला हवं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. गाठ बाबांशीच होती.

दुपारच्या चहाला मी विषय काढला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मला काढणार. काढा. एकदा रिटायर झालोय, सवय आहे."

"तसं नाही बाबा."

"मग कसं? नातेवाइकांना काय सांगायचं, सुनेने सासऱ्याचं नाव पुसलं?"

"सुनेने कंपनी काढली, असं सांगा."

"आमचा आशीर्वाद आहेच की तुला."

"बाबा, मला आशीर्वाद नकोय. सही हवी आहे."

बोलून गेले खरी. बाबा अर्धा चहा तसाच टाकून उठले. त्यानंतरचे कित्येक दिवस ते माझ्याशी फक्त नळाला पाणी आलं का, एवढंच बोलत. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू? पण माघार घ्यायची नाही, हेही पक्कं होतं. रोज सकाळी शेअर माझ्या नावावर करायचे कागद त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि संध्याकाळी सहीशिवाय उचलायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायची.

बैठक तोंडावर आली तेव्हा एका दुपारी ते चपला घालून दारात उभे राहिले. "चल सीएंकडे. असल्या सह्या घरात बसून करायच्या नसतात."

निधी पुढे मंजूर झाला, यंत्रही बाजारात आलं. त्या दुसऱ्या बैठकीतलं मला आता फारसं आठवत नाही. सीएंच्या ऑफिसातली ती दुपार मात्र लख्ख आठवते. पेन उघडून बाबा थांबले.

"बुडाली तर?"

"माझी बुडेल."

"आणि चालली तर?"

"तरी माझीच."

सीए उगाचच खिडकीबाहेर बघायला लागले.

"हं," बाबा म्हणाले. "बँकेत बायका कर्ज मागायला आल्या की मी विचारायचो, नवरा कुठाय, सासरे कुठायत? आणा त्यांना. असं उत्तर मला एकीनेही दिलं नाही." मग कागदाकडेच बघत म्हणाले, "दिलं असतं, तरी मी अर्ज नामंजूरच केला असता."

आणि त्यांनी सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.

आभार माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण जे माझंच होतं, ते मिळाल्याबद्दल आभार कसले मानायचे? मी कागद उचलले.