चोवीस तासांची भाची

माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी धाकट्या बहिणीने भाचीच्या जावळाचं आवतन मला फोन करून दिलं नाही. घरच्या ग्रुपवर तिने एक व्हिडिओ टाकला. त्यात गुलाब गोल फिरत होते, सनई वाजत होती आणि खाली लिहिलं होतं, 'हेच अगत्याचे निमंत्रण समजावे.' आमच्याकडे शेजारणीलाही दारात जाऊन कुंकू लावून बोलावतात. थोरल्या बहिणीला एक फोन होऊ नये? मी धाराशिवला, ती ढोकीला, गाडीवर पाऊण तासाचीही वाट नाही. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं स्टेटस आलं. उगवता सूर्य आणि त्यावर, 'काही नाती फक्त नावाला असतात.' मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. मी मावळता सूर्य टाकला, 'मान मागून मिळत नसतो.' मान सांगावा जनात, अपमान ठेवावा मनात, असं म्हणतात. आम्ही दोघींनी अपमान स्टेटसला ठेवला आणि सगळ्या पाहुण्यारावळ्यांची फुकटात करमणूक केली. शेवटी आईने अणदूरहून भावजयीच्या फोनवरून दोघींनाही झापलं. तेव्हा स्टेटस थांबलं, आणि बोलणंही थांबलं.

मग मी माझ्या फोनमधल्या ब्लू टिक बंद केल्या. त्या बंद असल्या की कुणाचं स्टेटस आपण बघितलं तरी त्या माणसाला कळत नाही. मला ते बघायचं होतं, पण बघते आहे हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

थोड्याच दिवसांत तिच्या स्टेटसला भाची यायला लागली. वरणभाताने माखलेली, तुळतुळीत डोक्यावर नुकती लव फुटलेली, खालचे दोन दात दाखवून हसणारी. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडायच्या आधी फोन उघडायचे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावं म्हटलं की तिथे काही नसायचं. चोवीस तास झाले की लेकरू गायब. 'मला पाठव' एवढं लिहिलं असतं तर काम झालं असतं, पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. मी स्क्रीनशॉट काढून ठेवायला लागले. फोटोच्या वर वेळ, बॅटरी, कधी कुणाचा मेसेज, सगळं तसंच उमटायचं. मला चालायचं.

एके दिवशी भाची चालली. भिंत सोडून, दोन्ही हात वर करून, चार पावलं टाकून धपकन बसली. त्याचा काही स्क्रीनशॉट होईना, म्हणून मी स्क्रीन रेकॉर्डिंग केलं. ते किती वेळा बघितलं याला गणती नाही. जीव इतका भरून यायचा, की पाठोपाठ बहिणीचा रागही यायचा.

सुट्टीला अणदूरला गेले तेव्हा ओसरीवर बसून आईला ते दाखवलं. माझ्या फोनचा माइक चालू राहिला होता, त्यामुळे व्हिडिओत आमच्या कुकरची शिट्टी होती आणि मधेच माझा आवाज, "अगं बया, पडंल की लेकरू!" आई हसून हसून लोळली नाही एवढंच. मग तिने विचारलं, "पर हे तुला कुठनं घावलं? तुमी तर बोलत न्हाय."

"तिच्या स्टेटसला होतं. रोजच असतं की."

"कुठलं गं? सासूनं तिला ताकीद दिलीय. लेकराला दिष्ट लागती, जगाला दाखवू नगं म्हणून. आवंदा एक फोटू टाकला न्हाय तिनं."

भावजयीने आपला फोन आणला. बहिणीच्या नावापुढे काहीही नव्हतं. मी माझा उघडला. त्यात हिरवं कडं होतं, आणि कड्यात भाची.

भावजय जरा वेळ दोन्ही फोन शेजारी धरून बघत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, कुणाला दाखवायचं ते निवडता येतंय. तिनं एकट्या तुमालाच ठिवलंय."

मी म्हटलं, "पण मी बघते ते तिला दिसत नाही. मी ब्लू टिक बंद केल्यात."

"मंग तिला कुणीच बघितलेलं दिसत नसणार," भावजय म्हणाली.

आईने पदराने माझ्या फोनची काच पुसली आणि फोन माझ्या हातात दिला. मला फार वाईट वाटलं. एकुलत्या एका बघणारणीसाठी बहीण सासूला चोरून फोटो टाकत होती, आणि ती बघणारीण दार लावून फटीतून बघत होती.

मी तिथेच ब्लू टिक चालू केल्या आणि स्टेटस उघडलं. भाचीच्या पायात नवे, चूं चूं वाजणारे बूट होते. ते बघून संपायच्या आत बहिणीचा फोन आला.

"अक्का? बघितलंस व्हय?"

"रोज बघायलेय मी. सगळं जपून ठेवलंय."

पलीकडे ती रडायला लागली. मीही लागले. मागून बुटांचा आवाज येत होता.

"मला रोज झिरोच दिसायचं," ती म्हणाली. "वाटायचं, अक्कानं माझा नंबरच काढून टाकला. नंबर नसला की स्टेटस दिसत न्हाय म्हणं."

"मग टाकायचीस कशाला, बये?"

"आज तू नंबर परत घेतला असंल, म्हणून."